वयाच्या खुणा

२ मे
अखेर मनासारखं काम मिळालं. खोली गॅरेजच्या वरच, जिना उतरलं की कामावर. ताईचं घर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणजे आईला रोज भेटता येईल. मालक जुन्या गाड्या दुरुस्त करून विकतात, सीटा आणि आतलं चामडं माझ्याकडे. आल्या आल्या त्यांनी एक लांबलचक काळी फ्रेंच गाडी दाखवली. पुष्कळ वर्षं त्यांच्याच घरात वापरात होती, आता विकायचीय. त्याआधी कुणा बड्या साहेबाची असावी, कारण ड्रायव्हर आणि मागची सीट यांच्यामध्ये चक्क काचेची भिंत आहे. बंद असली की ही बया पोट टेकून बसते. इंजिन सुरू केलं की आधी मागून उठते, मग पुढून. आत कुणी बसलं की त्या बाजूला दबते आणि मग आपली आपणच सावरते. मी उगाचच उठून-बसून पाहिलं. मजा आली.

५ मे
मालकांचा नियम एकच: मूळचं आहे ते काढायचं नाही. फाटलं तर सांधायचं, रंग उडाला तर तेवढ्यापुरताच लावायचा. गाडी कोरी दिसली तर तिचं आयुष्यच पुसलं गेलं, म्हणतात. मला पटलं. सगळं उपटून नवं बसवणारे पायलीला पन्नास मिळतात.
मागच्या डाव्या दाराच्या चामड्यावर ओरखडे आहेत. बारीक, आडवेतिडवे, हँडलभोवती दाट. मी ते झाकायला निघाले होते, तर म्हणाले, वयाच्या खुणा आहेत, मेण चोळ. चोळलं. छान उठून दिसतात आता. त्या दाराचं आतलं हँडल नुसतंच गरगर फिरतं. तेही मूळचं, म्हणून तसंच. बाहेरून उघडतंय ना, झालं तर मग, म्हणाले.

९ मे
आज डोकं फिरलं. माझ्या मेण लावलेल्या चामड्यावर चार नवे ओरखडे. आतलं पांढरं दिसतंय. गॅरेजातल्या रंगाऱ्याला चांगलंच झापलं. तो म्हणाला, मी आत गेलो नाही आणि जाणारही नाही. उलट उत्तर वर.
दुपारी मालकांनी इंजिन सुरू केलं. आत कुणीही नव्हतं. गाडी उठली, आणि मग डावीकडे मागून दबली. कुणी टेकावं तशी. हळूहळू सावरली. मालक म्हणाले, तेल गळत असेल. माझ्याकडे न बघता म्हणाले.

१२ मे
मालकांची बायको डबा घेऊन येते. मी तिला वहिनी म्हणते. ती त्या गाडीच्या डाव्या बाजूने कधीच जात नाही. आज विचारलंच. आधी रडली, मग बोलली.
खुणा तिच्या सासूबाईंच्या आहेत. नखांच्या. ऐन उन्हाळ्यात मालक त्यांना मागे बसवून, गाडी उजवीकडून भिंतीला खेटून लावून, दोन मिनिटांत येतो म्हणून एका गिऱ्हाइकाकडे गेले. गाड्यांच्या गप्पा रंगल्या. परत आले तेव्हा त्या गेल्या होत्या. हँडल तेव्हाही मोडलेलंच होतं. वहिनी कितीदा म्हणाली होती, बदला. मूळचं आहे, राहू दे, हेच उत्तर.
आणि मी त्यावर मेण चोळलं. हात घासघासून धुतले. राग जात नाहीये.

१३ मे
तोंडावर विचारलं. म्हणाले, डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलाय, तू डॉक्टर आहेस का? हँडलला हात लावलास तर खोली रिकामी कर.
आजपासून या वहीत याला अहो-जाहो नाही. बाहेर जाहिरात लावलीय त्याने. हळुवार दुरुस्ती, वयाच्या खुणा जपलेल्या. सोबत त्या दाराचा मोठा फोटो. जनाची नाही, निदान मनाची तरी.

१५ मे
काय हे नशीब. जाहिरात बघून भावजी आले. आईचे गुडघे गेलेत, मागे ऐसपैस जागा आहे, तिला फिरवता येईल, म्हणाले. मी सगळं सांगितलं. हसले. ताई म्हणाली, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, दोन आठवड्यांत इथेही भांडलीस का? मी ओरडले. आई बिचारी म्हणाली, भांडू नका गं, मी कुठेही बसेन.
इंजिन बंद असताना गाडी उठते आता. मी पाहिलं.

१६ मे
नोकरी गेली खड्ड्यात. उद्या ते हँडल उपटते. चामडंही फाडते. बघू कोण घेतं मग.

१७ मे
गाडीत आहे. वही एप्रनच्या खिशात होती. हत्यारं बाहेर बाकावर.
भावजी आईला घेऊन आले. मी वर होते. उतरून बघते तर गाडी अंगणात, उन्हात, आई मागच्या सीटवर. मालकानेच बसवलं, बसून तर बघा आजी म्हणून. आणि दोघं आत चहाला. आईला एकटीला उठवत नाही. तिला धरायला आत शिरले, आणि दार लागलं. वारा नव्हता.

उजवं दार भिंतीला टेकलंय. काचा खाली होत नाहीत. चप्पल मारून पाहिली. मधली काचही—

ऑफिसच्या खिडकीतून तो दिसतो. इकडे बघितलं त्याने. भावजींना काही म्हणाला. दोघं हसले. त्यांना वाटतंय मी तमाशा करतेय. नालायक. नालायक. दार उघडा—

आईचा चेहरा लाल झालाय. पदराने वारा घालतेय. मला नाही, डावीकडे. तिकडे कुणी—

इंजिन बंद आहे. गाडी उठली.

दबली. डावीकडे.

आई म्हणतेय, जरा सरक गं, त्यांना नीट बसू दे. किती वेळ ताटकळल्यात म्हणतात. त्या म्हणताहेत की आता—