नदीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

हळर्ण, सोमवार

बाबांस सोनालीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुमचा घसा कसा आहे?

काल इथल्या ग्रामसभेत नदीवरच्या बंधाऱ्याचा विषय होता. तो झाला तर मी मोजते त्या पाणमांजरांची बिळं बुडणार. बोलायला उभी राहिले आणि भाषणच विसरले! तोंडून तुमचं देवळातलं गाऱ्हाणं निघालं, "बा देवा म्हाराजा, ही नदी अशीच व्हांवत ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

सवयीनं अख्खी सभा गरजली, "व्हय म्हाराजा!"

म्हातारे धाकू गावकर म्हणाले, "देवाक व्हय म्हटलां, आता नाय कसां म्हणतलास?" बंधारा नामंजूर झाला.

आई म्हणाली, घशामुळे यंदा तुम्ही गाऱ्हाणं घातलं नाहीत. घातलंत, बाबा. काल, हळर्णात.

तुमची,
सोनाली