वर्गातला विसावा विद्यार्थी

सोमवार, ४ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं राहून जातं. म्हणून लिहायला बसलो.

आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतोच, पण आता ती त्याला शिव्या देते, त्यावरून बरा असावा. तुझी लेक नववीच्या दुसऱ्या चाचणीत पहिली आली, हे तिने तुला कळवलंच असेल. घरात भिंतींनाही सांगून झालंय. दुकानात पंपांचा हंगाम सुरू झाला. जळालेल्या मोटारी रोज येतात, मी तारा गुंडाळतो. मिस्त्री म्हणतात, "तुझ्या हाताला घाई नाही, आणि तोंडाला तर त्याहून नाही."

हे सगळं खरं आहे, पण यासाठी पत्र काढलं नव्हतं.

मी पुन्हा शाळेत जातो हे तुला ठाऊक आहे. का जातो ते मी अर्धंच सांगितलं होतं. शाळा उघडली तेव्हा हेडसर शाळेच्या पंपाची मोटार घेऊन दुकानात आले. मोटार ठेवली आणि माझ्याकडे बघत बसले. दहावीच्या वर्गाला अनुदान हवं तर पटावर वीस मुलं लागतात. एकोणीसच होती. सर म्हणाले, "तू नववी पास होऊन शाळा सोडलीस. ये ना परत. सकाळी वर्गात बस, दुपारी इथे ये." मिस्त्री म्हणाले, "न्या, न्या. सकाळचा एक चहा वाचेल माझा."

तर मी विसावा. मुलं मला काका म्हणतात. तुझ्या लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं, "मामा, शाळेत मला ओळख दाखवायची नाही." मी दाखवत नाही. पण मधल्या सुट्टीत तिच्या मैत्रिणींच्या सायकलींच्या चेनी मीच बसवून देतो, मग ओळख आपसूकच निघते.

आता उरलेलं अर्धं.

गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. खेळाचे सर पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचून दाखवतात. बिचारे आमच्याइतकेच घाबरलेले असतात. त्यामुळे निकाल पडतो. निकाल निम्म्याहून वर नसेल तर अनुदान जातं, आणि अनुदान नसेल तर गणिताचे सर येत नाहीत. हे मी बऱ्याचदा उलटसुलट करून पाहिलं, सुटत नाही.

सराव परीक्षेत दहाजण सगळ्या विषयांत पास झाले. मी गणितात नापास झालो. हेडसरांनी मला ऑफिसात बसवून दार लोटलं.

"एकोणिसांत दहा म्हणजे निम्म्याहून वर. विसांत दहा म्हणजे बरोबर निम्मे. कळतंय ना?"

कळलं. एकाही पेपरला न बसलेला मुलगा निकालात धरत नाहीत.

"तुझं नाव पटावर हवं होतं रे. पेपरला नको." हे बोलताना ते माझ्याकडे नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मी हो म्हणालो.

ताई, वर्ग बंद झाला तर पुढच्या वर्षी तुझी लेक दहावीला कुठे जाणार ते तू जाणतेस. दोन बस, आणि परतताना अंधार. नाहीतर तुझ्या त्या नर्सांच्या खोलीत आणखी एक खाट. म्हणूनच तर मी हो म्हणालो होतो.

आज बोर्डाचा पहिला, भाषेचा पेपर होता. बाकांवर नंबर चिकटवायचं काम सरांनी काल मलाच दिलं, कारण मी सरळ चिकटवतो. त्यात माझाही नंबर होता. कुठला बाक हलत असेल तर बघून येतो, असं आईला सांगून आज सकाळी निघालो. पण खिशात दोन पेनं घेतली होती. बाक बघायला पेन लागत नाही.

मी बसलो. घंटा झाली. सर दारात आले आणि त्यांनी मला पाहिलं. त्यांनी उठवलं असतं तर उठलो असतो. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आधी नंबर टाक. आणि तोही सरळ टाक." नंतर बराच वेळ खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते.

पेपर बरा गेला. म्हणजे आता मी निकालात धरला जाणार. गणिताला गेलो नाही तरी नापासांतच मोजतील, तेव्हा माघार नाही. पास झालो तरच विसांत अकरा.

का बसलो ते नीट सांगता येत नाही. पट भरायला म्हणून गेलो होतो, पण वर्षभर बसलो तो शिकायलाच. माझा पेपर कुणीतरी अनोळखी माणसाने तपासावा, असं वाटलं.

तुझ्या लेकीला संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने जेवण उरकलं. मग गणिताचं पुस्तक माझ्यासमोर आपटलं. "दोन बस मला चालतील. पण बाजू बदलताना चिन्ह बदलायला विसरलास ना मामा, तर घरातही ओळख दाखवणार नाही."

तिला चालतील, ती लहान आहे. तुला चालतील का, हे मी विचारायला हवं होतं, आणि बसण्याआधी. तू "पेपरला बस" म्हणशील असं वाटत होतं, पण खात्री नव्हती. म्हणून विचारलं नाही.

गणित गुरुवारी आहे. पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतो, उद्याच तुझ्या हातात पडेल. रागावलीस तर तुझा हक्क आहे. फक्त शुक्रवारी रागव.

तुझ्या लेकीची शाळा तुला न विचारता पणाला लावून बसलेला,

तुझा धाकटा