दाजींची टोपी

नाशिक,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
(तारीख भिंतीवर बघून लिहिली आहे.)

चि. सौ. सिंधू हिस नाथादादाचे अनेक आशीर्वाद.

वरच्या 'सौ.'वर काट मारली आहे ती मीच. का मारली ते पुढे सांगतो, आधी ख्यालीखुशाली. आम्ही इकडे ठीक. तुझ्या उज्वलावहिनीचे गुडघे कुरकुर करतात आणि ती माझ्यावर करते. मोटर वायंडिंगचं दुकान हर्षलनं भाड्यानं दिलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुझं उन्हाळ कांद्याचं रोप टाकून झालं असेल.

फोन का केला नाही म्हणशील. माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, हे एक. दुसरं म्हणजे बोलताना हल्ली माझे शब्द सटकतात. कागदावर निदान मागची ओळ वाचून पुढे जाता येतं.

सिंधू, मला विसरण्याचा आजार झालाय. डॉक्टर म्हणतात, अजून सुरुवातच आहे. म्हणजे आंघोळ, जेवण, चेष्टा-मस्करी सगळं जमतं, मधूनच काहीतरी गळतं. तुला कळवायचं नाही अशी शपथ मीच उज्वलाला घातली होती. आपल्या गावाकडे लगेच 'नाथाला वेड लागलं' म्हणतात. ते तुझ्या कानावर जावं, हे मला सोसलं नसतं.

आता आरोही नावाची एक मुलगी घरी येते. ती औषध देत नाही, कामं शिकवते. तीच कामं, जी मी जन्मभर केली. तिचं म्हणणं एकच, हातानं करायचं ते तोंडानं बोलायचं. 'गॅस पेटवला. दूध ओतलं. गॅस बंद केला.' मी चिडलो. म्हटलं, "अगं, मी काय बालवाडीत आहे का?" ती म्हणाली, "काका, आधी चहा करून दाखवा, मग भांडू." मी झोकात चहा उकळला, गाळला, तिच्या हातात दिला. त्यात पावडरच नव्हती. तेव्हापासून बोलत बोलत करतो. शेजारचा कोंडाजी विचारतो, नाथाभाऊ एकटाच कुणाशी बोलतो? मी सांगतो, गॅसशी.

आता तुझ्या घरच्या त्या दिवसाचं. इतका वेळ टाळत होतो.

दिनेशदाजींच्या वर्षश्राद्धाला मी माहेरची साडी घेऊन आलो आणि सवयीनं दाजींसाठी टॉवेल-टोपीही. भरल्या घरात, भावकीसमोर विचारलं, "दाजी कुठंयत? त्यांना टोपी घालायचीय." कांद्याच्या सौद्यात कुणीतरी दाजींना टोपी घातली होती, हे सगळ्या सटाण्याला माहीत. त्यावरून आमचं दोघांचं वाजलं होतं, तेही माहीत. मी गेलेल्या माणसाची टर उडवतोय, असंच सगळ्यांना वाटलं. तू म्हणालीस, "दादा, तुले लाज शे का नही? मन्हा उंबरावर पुन्हा पाय ठेवू नको."

टर नव्हती गं. मला तेव्हा खरंच वाटत होतं, दाजी गोठ्यात असतील, हात धुऊन येतील. हे सगळं मला नंतर उज्वलानं सांगितलं. मला आठवतो तो फक्त तुझा चेहरा.

उद्या मी येतोय. एकटा. हर्षल नको म्हणतो. मागे इथल्या द्वारका चौकात मी घरची वाट चुकलो, तेव्हापासून त्याचा हट्ट आहे की पप्पांनी एकट्यानं बाहेर पडायचं नाही. आरोहीनं त्याच्याकडून एक संधी मागून घेतली. तिच्याबरोबर द्वारकेवर बस पकडायचा सराव केला. कंडक्टरला सांगायचं, सटाण्याआधीचं देवळा गाव गेलं की मला हाक मारा. हे जमलं तर माझं फिरणं राहील, नाही तर दाराला कुलूप. पण बसची भीती कमी आहे, सिंधू. तुझ्या दाराची जास्त आहे.

काल तालीम केली. उज्वला डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, ती तू. मी खिशातलं कार्ड वाचायचं. त्यावर लिहिलंय, 'दाजी गेले. आधी पत्र द्यायचं, मग बोलायचं.' मी मोठ्यानं वाचलं. कार्ड खिशात ठेवलं. दारापाशी गेलो, हसलो आणि विचारलं, "सिंधू, दाजी कुठंयत?"

उज्वलानं डोक्यावरचा पदर उतरवला. आरोहीनं कार्ड पुन्हा माझ्या हातात दिलं. मग आम्ही पुन्हा केलं आणि तेव्हा जमलं. पण उद्याचं कोण सांगणार?

आज पत्राला बसलो तर हातून 'चि. सौ.' लिहून गेलं. उज्वलानं ते पाहिलं आणि कार्ड पुढे सरकवलं. मी वाचलं. सिंधू, दाजी मला आज नव्यानं गेले. पेन ठेवून रडलो. मग काट मारली.

आरोही म्हणते, विचारलंच तर सिंधूआत्यांनी विषय बदलावा, 'मळ्यात गेलेत' म्हणावं, काकांना उगाच त्रास नको. उज्वलाचंही तेच. मला ते पटत नाही. मी पत्राआधी तोंड उघडलं तर तू दार लावशील, आणि हा कागद माझ्या खिशातच राहील. त्याला माझा इलाज नाही. पण कागद तुझ्या हाती आला आणि नंतर चहा पिताना मी पुन्हा विचारलं, तर मळ्यात गेलेत असं सांगू नकोस. गेले म्हणून सांग. मला रडू येईल, येऊ दे. त्या दिवशी तू एकटी रडत होतीस आणि मी टोपी हातात घेऊन उभा होतो. तुझ्याजवळ बसून रडायचं माझं राहिलंय.

पिशवी भरून ठेवली आहे. बोलत बोलत भरली. 'साडी घेतली. टोपी घेतली नाही.' उज्वलानंही बघितलं.

आता वाचून झालं असेल तर मान वर करून बघ.

तुझ्या उंबऱ्याबाहेर उभा,
तुझा नाथादादा