फौजीच्या मुलीला वर्गातून बोलावताना

बाई, तुमच्या वर्गात आम्ही तिघी फौजींच्या मुली होतो आणि आमची तक्रार एकच होती. सव्वीस जानेवारीला सगळा गाव आमचं कौतुक करायचा; एरवी आम्हाला कशाची भीती वाटते, हे कोणी विचारत नव्हतं.

भीती दाराची होती. मार्कंडा गावाजवळच्या आपल्या शाळेत शिपाईकाका वर्गाच्या दारात यायचे, माझं नाव घ्यायचे आणि ऑफिसात चल म्हणायचे. तिथपर्यंतच्या व्हरांड्यात माझे बाबा प्रत्येक वेळी मरायचे. ऑफिसात जाऊन बघावं तर आईने पाठवलेला डबा. एकदा मी वाटेतच खाली बसले. त्या दिवशी तुम्ही काकांना सगळ्यांसमोर सुनावलंत, "काऊन बोलावलं ते आधी सांगत जा भाऊ, नाव मंग घ्या." दुसऱ्या दिवशी काका व्हरांड्याच्या टोकापासूनच ओरडत येतात, "डबा हाये बाई, भेंडी हाये, बाकी सब ठीक हाये." वर्ग हसतो. मीही हसते.

बाबा पेन्शनीवर धडधाकट परतले. मी गावोगाव भाषणं देऊ लागले, हजारोंच्या सभेत आवाज कापत नाही. पण दारात कोणी नाव घेतलं की अजूनही मी आधी "काय झालं?" विचारते. आणि तरी मी हे केलं. गेल्या महिन्यात घुग्घुसच्या एका शाळेत बोलायला गेले होते. चौथीतल्या एका मुलीचे वडील सीमेवर आहेत, असं कळलं. मंचावर ती माझ्या शेजारी उभी असली तर भाषण रंगेल, एवढंच डोक्यात आलं. "तिला बोलवा," मी म्हणाले. कशासाठी, ते सांगितलं नाही. ती आली ती दप्तर भरून, पाठीला लावून. चेहरा पांढरा पडलेला. मी हात धरला तर हळूच विचारते, "बाबाले कधी आणून राह्यले?"

मला लगेच कळलं, बाई. "बाबा बरे आहेत गं," मी म्हणाले. तिने मान हलवली, पण दप्तर काढलं नाही. काल तिच्या आईचा फोन आला. "ताई, दारात कोणी दिसलं का पोरगी दप्तर भरते. शाळेत जात नाई म्हणते. बाबाशी फोनवर बोलवलं तरी तिले खरं वाटत नाई. तुम्ही एवढ्या भाषणवाल्या, तुमचं ऐकन." ती पोर आता दाराकडे पाठ करून बसत नाही म्हणे, जेवतानासुद्धा.

उद्या चंद्रपुरात शिक्षकांसमोर उभी राहणार आहे. बाकी सगळं बाजूला ठेवून एकच मागणार आहे: फौजीच्या लेकराला वर्गातून बोलवायचं असेल, तर कारण आधी सांगा, नाव नंतर घ्या. उद्यापासूनच.

तुम्ही आता या जगात नाही; हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहवतं. दप्तर पाठीला लावून ती मंचावर उभी होती, समोरच्या बायका डोळे पुसत होत्या, आणि ते बघून मी भाषण लांबवलं.