चाकावरचं शांत घर

३ फेब्रुवारी १९७४, पिंगळी

आजपासून हिंसा बंद. कायमची.

निमित्त: दादानं (व्यंकटराव, माझा थोरला भाऊ) मला गोठ्यात बडवलं. आधी मी मारलं हे खरं. पण माझं मारणं वैचारिक होतं. त्याचं नुसतंच मारणं.

माझ्या वाटणीचे दोन बैल देऊन मी बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजची मोटार घेतली. दादाला गेलेले बैल दिसले. मला आलेलं घर दिसलं. कॉलेजच्या लायब्ररीत एका मासिकात फोटो होता. अमेरिकेतली मोटार, मोटारीत पलंग, मोटारीत चूल, मागं डोंगर. नवरा-बायको दोघंही हसायलेत.

सत्यशीला दिवाळीपासून सेलूला, माहेरी. जाताना म्हणाली, "तुमी दोघं भाऊ रोज एकमेकाची टाळकी फोडा. जिथं कुणी कुणावर हात उचलत न्हाई असं घर करा, मग मला बोलवा."

केलं घर. सतराला, रविवारी, सासरे तिला घेऊन डोंगरात घर बघायला येणार. पसंत पडलं तर राहणार.

ठराव: मारावंसं वाटलं की हात खिशात.

६ फेब्रुवारी

लिंबाजी ड्रायव्हर मोटारीसोबतच आला, स्टेपनीसारखा. बाहेरचा पिवळा-तांबडा रंग तसाच ठेवला. लांबून दिसतो. सत्यशीलेसाठी हिरवं लुगडं, डझनभर हिरव्या बांगड्या, नवं सूप, नवी केरसुणी. सगळं मागच्या दारात टांगलं. आल्या आल्या नजर पडली पाहिजे.

लिंबाजी म्हणाला, मालक, हे असं टांगू नका, चांगलं नसतं. का, तर सांगेना. ड्रायव्हर लोकांना सौंदर्यदृष्टी नसते. शब्दानं शब्द वाढला. त्याच्या कानाखाली एक बसली. खिसा फाटका होता, हात बाहेर आला. शिंप्याची चूक.

८ फेब्रुवारी

खिसे शिवून घेतले. दुहेरी दोरा.

१२ फेब्रुवारी, जिंतूरच्या पुढं, डोंगरात

सीनरी अफाट. पळस पेटलाय. इंजिन बंद पडलं तेही बरोब्बर जागेवर: इकडं माळदरी, तिकडं आंबदरी, मधे शेंदूर फासलेला शिवेचा दगड. निसर्गाचाच संकेत. मुक्काम इथंच. जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं सेलूला ठिकाणाची चिठ्ठी धाडली.

दुपारी पत्रा तापून आत माणूस भाजायला लागला. कडुलिंबाच्या फांद्या तोडून टपावर घातल्या. चारी बाजूंनी लोंबत्या सोडल्या. लिंबाजी म्हणाला, मालक, आता तर लयच झालं, हे काढा. मी म्हणालो, एअर-कूलिंग आहे हे. त्यानं पाना फेकला. मी स्टोव्ह फेकला. दोघांचेही नेम चुकले, म्हणजे प्रगती आहे.

१४ फेब्रुवारी

माळदरीची एक म्हातारी आली, बायनाबाई. बंपरला हळदी-कुंकू लावलं, रेडिएटरवर नारळ फोडला, लोटांगण घातलं. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या बायका हजर. खेड्यातल्या माणसांना कलेची जाण उपजत असते.

बायनाबाईनं हळूच विचारलं, तुमच्याकडले बैल गेले का. म्हणालो, गेले, दोन्ही. त्यातूनच हे झालं. सगळ्या मागं सरकल्या. आदरानं.

लिंबाजी दिवसभर झाडाखाली. बोलत नाही.

१६ फेब्रुवारी

सकाळी माळदरीचे पुरुष आले. दोरखंड, हलगी. मोटारीला दोर बांधून ओढायला लागले. मला वाटलं चांगल्या व्ह्यूच्या जागी नेतायत. मी टपावर बसून हात हलवला. शिवेचा दगड ओलांडला की दोर टाकून सगळे पळाले. मागं वळून कुणी बघेना. वळून बघायचं नसतं म्हणे.

मग लिंबाजीनं तोंड उघडलं. जनावरांत खुरकतीची साथ आली की मरीआईचा गाडा करायचा. हिरवं लुगडं, बांगड्या, सूप, केरसुणी, वर कडुलिंब. ओढत न्यायचा आणि दुसऱ्याच्या शिवेत सोडायचा. ज्याच्या शिवेत गाडा, त्याच्या गोठ्यात रोग. यंदा दोन्ही गावांत जनावरं लाळ गाळायलीत.

मी म्हणालो, मग आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, दोनदा सांगायलो तर दोनदा मार.

तोवर आंबदरीचे काठ्या घेऊन हजर. मोटार उलटी ढकलायला लागले. माळदरीचे परत. पहिली काठी बन्सीधर नावाच्या कोतवालाच्या पाठीत. दुसरी माझ्या नाकावर. माझे हात खिशात होते. दुहेरी दोरा.

माळदरीचे पोलीस पाटील मुंजाजी आले. शहाणा माणूस. त्यांना समजावलं की ही खाजगी मोटार आहे. ते म्हणाले, "मोटार हाय ते आमाला बी दिसायलंय, साहेब. पण बाया पाया पडल्या. एकदा पाया पडलं की मोटार ऱ्हात न्हाई."

खिसे उसवून टाकले.

लिंबाजी पळून गेला. गद्दार.

१७ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

आज सत्यशीला. दाढी केली. नाक सुजलंय, पण भारदस्त दिसतं. दोन्ही गावांशी वाटाघाटी करायचा प्लॅन. संयम. हसरा चेहरा. जॅकचा दांडा फक्त जवळ ठेव

१८ फेब्रुवारी, परभणी, सरकारी दवाखाना (डाव्या हातानं)

वरचं वाक्य राहिलं, कारण दगड आला.

दोन्ही गावं एकदम भिडली. मी टपावरून दोन्ही बाजूंना सारखंच मारत होतो. पक्षपात नाही. एकाचा दात माझ्या बुटात निघाला. तेवढ्यात खाली रस्त्यावर एसटी थांबली. सत्यशीला उतरली, मागं सासरे भगवानराव. माझा दांडा तेव्हा हवेत होता. खाली आणेपर्यंत बन्सीधरचं डोकं मधे आलं.

आणि त्याच एसटीतून दादा. लिंबाजीनं पिंगळीला जाऊन सांगितलं होतं. दादा कुऱ्हाडीचा नुसता दांडा घेऊन चढ चढत आला. ओरडला, "माझ्या भावाला मारायचं तर मी मारीन. तुमी कोण?" आणि जो दिसेल त्याला हाणत सुटला. दिसलेल्यांत मीही होतो.

शेवटी दोन्ही गावांचं एकमत झालं. सगळ्यांनी मिळून मोटार दरीत ढकलली. दरी कुणाच्याच शिवेत नाही. पलंग, स्टोव्ह, लुगडं, सगळं आपटत गेलं. आवाज बराच वेळ येत होता.

बन्सीधरला अकरा टाके. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. दादाचा पाय.

१९ फेब्रुवारी

दादाची खाट माझ्या शेजारी. सत्यशीला डबा घेऊन येते, दोघांना वाढते. दादाला आधी.

आज डबा बंद करत म्हणाली, "ही खोलीच घर समजा. उद्या संध्याकाळपर्यंत दोघांपैकी कुणी हात उचलला न्हाई, तर मी पिंगळीला येते. न्हाई तर पुन्हा निरोप धाडू नका."

एक दिवस! मोडका हात आणि मोडका पाय. पोरखेळ आहे. जिंकलो.

२० फेब्रुवारी, सकाळ

दादाशी गप्पा. लहानपणीच्या. दादा हसला. चांगला माणूस आहे तसा.

दुपार

दादा म्हणतो, मी आलो म्हणून तू वाचलास. मी म्हणालो, मी जिंकत आलो होतो, तू मधे पडलास. तो म्हणाला, जिंकणाऱ्याचं नाक असं असतं का. मी डावा हात उशीखाली ठेवला. तो म्हणाला, बैल. नुसतं एवढंच. बैल.

संध्याकाळ

सत्यशीलेला शास्त्रीय पद्धतीनं समजावलं. मी हात उचललाच नव्हता. प्लास्टर उचललं होतं. आणि दादानं नुसती सलाईनची बाटली फेकली, त्यात हात कुठं आला.

तिनं ऐकून घेतलं. डबा पुसला. सेलूची गाडी यायला अजून अवकाश होता, तर थांब म्हणालो. म्हणाली, स्टेशनवर बसते, तिथं शांत असतं.

दादा रडायलाय. मी नाही. माझ्या डोळ्यांत सिस्टरनं औषध घातलंय, ते वाहायलंय.