सुजयचं वजन आणि माझं तूप

३ फेब्रुवारी
भात काट्यावर तोलून खाल्ला! माझ्या घरात! सोनार गुंजा तोलतो तशी नातवाने शितं तोलली. जास्त झाली ती परत टोपात. म्हणे, "आजी, एप्रिलपर्यंत नऊ किलो उतरवायचेत."
कारण मला ठाऊक आहे. माझा अनिल मुंबईत इस्पितळात पिवळा पडून आहे, लिव्हर गेलंय. सुजय त्याचा मुलगा, आपल्या लिव्हरचा तुकडा बापाला देणार. पण डॉक्टर म्हणतो, याच्या लिव्हरवर चरबी चढलीय, आधी ती झडवा, मग बघू.
चरबी! चोवीस वर्षांच्या पोराच्या अंगावर चरबी नाही तर काय शेवाळ असणार?

६ फेब्रुवारी
सकाळी देवरूखला जिममध्ये लोखंड उचलतो. संध्याकाळी अंगणात चिरे. गवंड्याचे उरलेले चिरे छातीशी घेतो नि पुन्हा तिथेच ठेवतो! म्हटलं, "मेल्या, निदान गोठ्याची भिंत तरी बांध."
"स्नायू वाढतात, आजी."
आम्ही डोक्यावरून भाताचे भारे आणले, आमचे स्नायू कोणी विचारले नाहीत.

७ फेब्रुवारी
उकडलेली अंडी. त्यातलं पांढरं स्वतःला, पिवळं मोती कुत्र्याला. शहाणपण बघा!

१३ फेब्रुवारी
हे फक्त तुलाच सांगते, फोनबाबा. मला अक्षर येत नाही. मी बोलते, तू लिहितोस, तिसऱ्या कानाला पत्ता नाही.
पोराचे गाल बसलेत. असल्या काटकीला टेबलावर घेऊन चिरणार? मुलगा तिकडे, नातू इकडे – दोघांचं काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?
आजपासून त्याच्या कुळथाच्या पिठल्यात दोन चमचे तूप. पेजेत नारळाचं दूध. ताट घेऊन पडवीत बसतो, तिथे कोण बघतंय! ताट परत आलं ते लख्ख. शीतसुद्धा नाही. भूक होती हो पोराला!

२ मार्च
तीन किलो उतरले म्हणतो. काटा बिघडला असणार. तूप चार चमचे केलं.

१८ मार्च
शिमग्याची पालखी दारात आली. पुरणपोळीला हात लावला नाही, पण पालखी खांद्यावर घेऊन अशी नाचवली की रावजी मानकरी बघतच राहिला. गेल्या वर्षी हाच पोरगा दोन फेऱ्यांत धापा टाकत पायरीवर बसला होता!
"काय खायला घालतेस गो याला?"
मी पदर सारखा केला. तूप, आणखी काय! जिमवाल्याला कशाला मान देऊ?
मोती मात्र सुस्तावलाय. पालखीवर भुंकलासुद्धा नाही.

७ एप्रिल
सुजय मुंबईत तपासून घेऊन आला. लिव्हर साफ! शुक्रवारी ऑपरेशन. दोन महिने तूप खाऊन साफ! डॉक्टरांना काही म्हणजे काही कळत नाही.

८ एप्रिल
मोती जागचा उठेना. रावजीच्या रिक्षात घालून गुरांच्या डॉक्टरकडे नेला. रिक्षात चढवायला दोन माणसं लागली! डॉक्टर म्हणाला, "आजी, कुत्र्याला एवढं तूप कोण घालतं?"
परत येताना सगळ्या वाटेने ती लख्ख ताटं डोळ्यांपुढे.
पण पिठल्यात तूप आहे हे सुजयला कळलं कसं? मी तर कोणाला बोलले नव्हते. तुझ्याशिवाय.

९ एप्रिल
सुजय. हे यंत्र तूच शिकवलंस आणि वाचता तुलाच येतं. एवढं कळायला मला दोन महिने लागले. हसू नकोस, मेल्या.
बरं केलंस.
आज दुपारच्या गाडीने निघशील. फोन मुद्दाम तुझ्या पिशवीवर ठेवतेय, तर वाच. मोतीला नुसत्या पेजेवर ठेवलंय. तुम्ही याल तेव्हा भात मीच काट्यावर तोलून वाढीन. दोन ताटं.
एकटा आलास तर दार उघडणार नाही.