दगडावरचं नाव

प्रिय रादोयका,

परवा ट्रक येणार. मला स्वीडनला न्यायचं म्हणून स्लाविका आपलं घर खोक्यांत भरतेय. शाळेतल्या कवितांत करकोचे दरवर्षी परत यायचे. म्हाताऱ्यांचं काही लिहिलेलं नव्हतं.

आज तिला कपाटात काळ्या कोटाचं गाठोडं सापडलं. मला पुरताना घालायला तूच बांधून ठेवलेलं.

"बाबा, लग्नाला निघालात की काय?" लेक हसली आणि कोट हिवाळी कपड्यांत कोंबला.

तुझ्या थडग्यावर माझंही नाव, जन्मसाल कोरलंय. पुढची जागा रिकामी. मला तिथे परत आणशील ना, एवढंच स्लाविकाला विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "तिकडे थंडी फार असते का गं?"

"असते ना! म्हणून तर कोट घेतला."

परवापर्यंत तुझ्याच गावचा,
वेलिमिर